बिऱ्हाड हलवताना

(चाळीसगाव येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘समाजमाध्यमे आणि आजची पिढी’ हा विषय सुचवला होता. त्यावर आजची पिढी सोडून बाकी सगळे बोलत असतात, म्हणून मी तो हात जोडून परत केला आणि एका भांडणाबद्दल बोलायची परवानगी मागितली. भांडण दूरचं आहे, अमेरिकेतल्या दोन कंपन्यांचं आणि त्यांच्या वापरकर्त्यांचं. पण त्याचा धागा आपल्या साक्री तालुक्यापर्यंत येतो आणि इथे आल्यावर चांगलाच गुंततो. तो गुंता तुमच्यासमोर ठेवायचा आहे.

जानेवारी २०२३ मध्ये ट्विटरने आणि त्याच वर्षी जूनमध्ये रेडिटने, बाहेरच्या लोकांनी तयार केलेली ॲपं बंद पाडली. ट्विटरने एका रात्रीत जोडणी तोडली. रेडिटने बहुतेकांना परवडू नये असा दर लावला. वापरकर्ते भडकले. कुणी संप केला, कुणी खातं पुसून निघून गेलं. रेडिट हे नाव इथे सगळ्यांच्या परिचयाचं नसेल. तिथे विषयवार मंडळं असतात, क्रिकेटचं वेगळं, शेअर बाजाराचं वेगळं, आणि ती मंडळं वापरकर्त्यांपैकीच काही जण बिनपगारी सांभाळतात.

आता हे बाहेरचं ॲप, ज्याला थर्ड पार्टी ॲप म्हणतात, ते असतं काय? ट्विटरवर कोण काय म्हणालं, कुणी कुणाला उत्तर दिलं, हा सगळा साठा कंपनीच्या संगणकांवर असतो. तुमच्या मोबाइलमधलं ॲप फक्त तो मागवतं आणि पडद्यावर मांडतं. मागवण्याची जी ठरलेली रीत असते तिला एपीआय म्हणतात. कंपनीने ती रीत इतरांना खुली केली, की कुणीही प्रोग्रामर आपलं वेगळं ॲप लिहू शकतो. साठा तोच, मांडणी वेगळी. एखाद्याला मोठी अक्षरं हवीत, एखाद्याला जाहिराती नकोत, एखाद्याला फक्त आपल्या ओळखीच्यांचं, लागेल त्या क्रमाने वाचायचंय. कंपनी सगळ्यांसाठी एकच ॲप काढते. ज्यांचं त्यात भागत नाही ते बाहेरच्याकडे जातात.

बाहेरचे म्हणजे फुकटे, असा समज मात्र करून घेऊ नका. इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांनी आज सकाळी मोबाइलचा पडदा बोटाने खाली ओढून नवीन काय आलंय ते पाहिलं असेल. ही युक्ती ना ट्विटरची, ना फेसबुकची. लॉरेन ब्रिक्टर नावाच्या तरुणाने ती ‘ट्वीटी’ या स्वतःच्या ॲपमध्ये आणली. २०१० मध्ये ट्विटरने ते ॲपच विकत घेतलं आणि आपलं अधिकृत ॲप म्हणून चालवलं. आयकॉनफॅक्टरी या छोट्या कंपनीचं ‘ट्विटरिफिक’ तर २००७ सालचं, ट्विटरचं स्वतःचं मोबाइल ॲप नव्हतं तेव्हाचं. पक्ष्याचं चित्र त्यांनी आधी वापरलं, ‘ट्वीट’ हा शब्दही तिथून रुळला. ज्या खुणांनी जग ट्विटरला ओळखू लागलं त्या अशा पाहुण्यांनी आणलेल्या होत्या. आणि माध्यम मोठं झाल्यावर पाहुणे डोळ्यांत खुपू लागले. २०१२ मध्येच ट्विटरने नव्या बाहेरच्या ॲपांवर एक लाख वापरकर्त्यांची मर्यादा घातली होती. २०२३ मध्ये जे झालं ते अचानक झालं नाही. फक्त त्यात तोवरचा उरलासुरला सभ्यपणा गळून पडला.

१२ जानेवारी २०२३ च्या रात्री ट्विटरिफिक, ट्वीटबॉट आणि इतर ॲपं बंद पडली. ना सूचना, ना पत्र. इलॉन मस्क यांनी कंपनी विकत घेऊन तीन महिनेही झाले नव्हते. काही दिवसांनी खुलासा आला की आम्ही जुनेच नियम पाळायला लावतोय. आणि १९ तारखेला नियमावलीत नवीन कलम घातलं गेलं: ट्विटरच्या ॲपला पर्याय ठरेल असं ॲप करायचं नाही. आधी शिक्षा, मग कायदा. ज्या दोन-चार माणसांच्या कंपन्या यावर चालत होत्या त्यांच्यापुढे आणखी एक संकट होतं. लोकांनी वर्षाची वर्गणी आगाऊ भरलेली होती; उरलेल्या महिन्यांचे पैसे आता त्यांनाच परत करायचे होते. तेव्हा ट्वीटबॉट आणि ट्विटरिफिकवाल्यांनी ॲपमध्ये एक बटण दिलं, ‘मला पैसे परत नकोत’ अशा अर्थाचं, आणि वापरकर्त्यांना ते दाबायची विनंती केली. इतक्या प्रचंड उलाढालीच्या धंद्यात गिऱ्हाइकाने दुकानदाराला असं सांभाळून घेण्याचे प्रसंग थोडे.

रेडिटची गोष्ट पैशाच्या भाषेत झाली. ख्रिश्चन सेलिग या कॅनडातल्या तरुणाचं ‘अपोलो’ हे ॲप लोकप्रिय होतं. ३१ मे २०२३ ला त्याने जाहीर केलं की रेडिटच्या नव्या दराने, म्हणजे ५ कोटी मागण्यांना १२ हजार डॉलर या हिशोबाने, आपल्याला वर्षाला सुमारे २ कोटी डॉलर मोजावे लागतील. आपल्या हिशोबात दीडशे कोटी रुपयांच्या वर. १२ जूनपासून ८ हजारांहून अधिक मंडळांनी निषेध म्हणून आपली दारं बंद ठेवली. कंपनी हलली नाही. उलट मंडळ सांभाळणाऱ्या त्या बिनपगारी लोकांना सांगण्यात आलं, उघडा, नाहीतर तुमच्या जागी दुसरे येतील. निषेधाची तऱ्हाही पाहण्यासारखी होती: चित्रांच्या एका मोठ्या मंडळाने मतदान घेऊन ठराव केला की यापुढे इथे फक्त जॉन ऑलिव्हर या विनोदी कलाकाराचेच फोटो लावायचे. चेष्टा चार दिवस चालली. ३० जूनला अपोलो बंद झालं.

रेडिटची बाजूही सांगायला हवी. कंपनी तेव्हा तोट्यात होती, शेअर बाजारात उतरण्याच्या तयारीत होती, आणि एआय तयार करणाऱ्या कंपन्या तिथला मजकूर फुकट उपसून नेत होत्या. त्यांच्याकडून पैसे मागणं रास्तच होतं. पण मजकूर उपसणारी बलाढ्य कंपनी आणि वाचकासाठी ॲप लिहिणारा एकटा पोरगा, दोघांना एकच दरपत्रक का? हा प्रश्न तेव्हा विचारला गेला. पटेल असं उत्तर मला तरी कुठे दिसलं नाही.

या सगळ्यात ज्यांच्याबद्दल सर्वांत कमी बोललं गेलं त्यांच्याकडे येतो. रेडिटवर अंध लोकांचं एक मंडळ होतं. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर त्यांचं सगळं चालतं, आणि रेडिटचं अधिकृत ॲप त्यासाठी नीट केलेलंच नव्हतं. बटणांना नावं नाहीत, क्रम चुकलेला. मंडळ सांभाळणारेही अंध होते. सांभाळण्याची अवजारं त्या ॲपमधून त्यांना वापरताच येत नव्हती. इतकी वर्षं ते बाहेरच्या ॲपांवर निभावत होते. बोंब झाल्यावर रेडिटने अशा, नफा न कमावणाऱ्या ॲपांना सूट जाहीर केली. सूट मिळाली हे बरं झालं. पण सूट म्हणजे काय, तर आज मालकाची मर्जी आहे. त्या मंडळाने ते ओळखलं आणि स्वतःच्या संगणकावर, स्वतःच्या पत्त्यावर वेगळी जागा उभी केली. या भांडणात जे जे सोडून गेले, त्यांच्यात मला सर्वांत शहाणे हे लोक वाटतात. ते रागाने गेले नाहीत, विचार करून गेले.

बाहेरची ॲपं नेहमी अशाच लोकांच्या कामी येतात, ज्यांची संख्या कंपनीच्या ताळेबंदात भरत नाही. आपण मराठी लोकही बराच काळ त्यांतलेच होतो. मोबाइलवर मराठी लिहिता येत नव्हतं तेव्हा मुंबईच्या आयआयटीतल्या मंडळींनी ‘स्वरचक्र’ हा कीबोर्ड काढला. अँड्रॉइडवर तो बाहेरून घालता येत होता. आयफोनवर बाहेरचा कीबोर्ड घालायला सप्टेंबर २०१४ पर्यंत बंदी होती. म्हणजे त्या दिवसापर्यंत महागड्या फोनवाल्याने मराठी कशी लिहायची, लिहायची की नाही, हे कॅलिफोर्नियात ठरत होतं. आणि अहिराणी? २०११ च्या जनगणनेत खानदेशी या नावाखाली १८ लाख ६० हजार लोकांची नोंद आहे. तेवढ्यांसाठी एखादी अमेरिकन कंपनी स्वतःहून काही करील, याची वाट पाहण्यात अर्थ नाही. ते काम झालं तर धुळ्या-जळगावातला एखादा पोरगा करील, आणि तो कंपनीच्या लेखी बाहेरचाच असेल.

तर मग लोक सोडून गेले, त्याने काय झालं? कंपनीपुरतं बोलायचं तर फारसं काही नाही. रेडिट मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उतरलं आणि त्याच वर्षाअखेर रोज येणाऱ्यांची संख्या १० कोटींच्या पुढे गेली. गंमत अशी की हेच रेडिट मोठं झालं ते २०१० मध्ये ‘डिग’ नावाच्या माध्यमावर चिडलेले लोक तिकडून निघून आले म्हणून. पण डिगचे लोक गेले तेव्हा माध्यमं लहान होती, जाणारे एकमेकांना ओळखत होते आणि जायला तयार जागा होती.

आपल्याकडचे अनुभव फारसे वेगळे नाहीत. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं ट्विटरने बंद केलं. त्याच सुमाराला ट्विटर जातीभेद करतं, दलित-बहुजनांचा आवाज दाबतं, असा आरोप जोरात होता. पुष्कळ भारतीय मॅस्टोडॉनवर गेले. हे युजेन रोश्को या जर्मन प्रोग्रामरने २०१६ मध्ये सुरू केलेलं माध्यम. त्याला एक मालक नाही. कुणीही आपला संगणक उभा करावा, आणि ईमेलसारखं एका ठिकाणच्याने दुसऱ्या ठिकाणच्याशी बोलावं. ट्वीटबॉटच्या मंडळींनीही जानेवारी २०२३ मध्ये आपलं पुढचं ॲप याच मॅस्टोडॉनसाठी काढलं. आपले बरेच लोक मात्र थोड्याच दिवसांत ट्विटरवर परतले. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये शेतकरी आंदोलनाच्या वेळी सरकार आणि ट्विटर यांच्यात ठिणगी पडली, तेव्हा मंत्र्यांसकट अनेक जण बंगळूरच्या ‘कू’वर गेले. कू मराठीतही होतं. जुलै २०२४ मध्ये ते बंद झालं. टिकटॉकवर तर जायचं की राहायचं हे विचारलंच गेलं नाही. २९ जून २०२० ला बंदी आली आणि अहिराणीत बोलणारी, नाचणारी, हसवणारी आपली पोरं रातोरात प्रेक्षकांविना झाली. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपच्या नव्या अटींवर रागावून लोकांनी सिग्नल हे दुसरं निरोप ॲप घेतलं. पुढे स्पर्धा आयोगाने याच अटींवरून व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीला, मेटाला, २१३ कोटींचा दंड केला, पण तोवर राग विसरला गेला होता. आज किती जणांच्या मोबाइलमध्ये सिग्नल आहे, हात वर करायला मी सांगत नाही.

कारण सरळ आहे. भाड्याचं घर सोडताना भांडीकुंडी, गाद्या, देवघर टेम्पोत घालता येतं. इथे बिऱ्हाड म्हणजे माणसं. चारशे जणांचा गावकऱ्यांचा ग्रुप, बाजारभाव कळवणारा व्यापारी, परदेशी गेलेली मुलगी, दहावीचे वर्गमित्र. एकटा उठून गेलो तर मी फक्त रिकामा हात घेऊन जातो. म्हणून मालक निर्धास्त असतो. मोबाइल कंपन्यांच्या बाबतीतही एकेकाळी असंच होतं. कंपनी बदलायची तर नंबर सोडावा लागे, आणि नंबर सोडायचा म्हणजे ओळखी सोडायच्या. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. हे कुणा कंपनीच्या औदार्यातून आलं नाही. नियामकाने लावलं म्हणून आलं.

इथवर गोष्ट सोपी होती: कंपनी वाईट, बाहेरचे चांगले. आता साक्री तालुक्यात येऊ.

खानदेशातल्या कुठल्याही बाजारपेठेत विचारा, ‘जीबी’ म्हटल्यावर लोकांना काय ते कळतं. जीबी व्हॉट्सॲप हे व्हॉट्सॲपचं कुणीतरी उघडून, फेरफार करून पुन्हा बांधलेलं रूप. ते प्ले स्टोअरवर मिळत नाही. फाइल या मोबाइलमधून त्या मोबाइलमध्ये जाते. लोक ते का घेतात? एकाच फोनमध्ये दोन सिम, एक घरचं, एक दुकानाचं, आणि दोन्हीवर व्हॉट्सॲप हवं. ही साधी सोय अधिकृत ॲपमध्ये यायला ऑक्टोबर २०२३ उजाडला. शिवाय निळी टिक लपवता येते, समोरच्याने पुसलेला निरोप वाचता येतो. २०१५ मध्ये ‘व्हॉट्सॲप प्लस’ वापरणाऱ्यांना कंपनीने २४ तास बाहेर काढलं होतं. २०१९ मध्ये जीबीवाल्यांची खाती तात्पुरती बंद झाली. पडद्यावर उलटे मोजले जाणारे तास बघत बसलेले दुकानदार तुम्ही पाहिले असतील. त्यांच्यापैकी कुणी व्हॉट्सॲप सोडलं नाही. शिव्या दिल्या, तास संपले, आणि काहींनी परत जीबी टाकलं.

आता १ जुलै २०१८. रविवार, राईनपाड्याचा आठवडे बाजार. इथून धुळे, धुळ्याहून साक्री, पिंपळनेरच्या पुढे. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेली. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा त्या पावसाळ्यात देशभर व्हॉट्सॲपवरून पसरली होती. फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक तर कराचीतल्या संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली जाहिरात होती. शेवटचा खुलासा कापून ती पुढे ढकलली गेली. राईनपाड्यात जमावाने त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारलं. मारणारे हात माणसांचे होते. ॲपने कुणाला मारलं नाही, आणि ही सबब मी कुणाला देणार नाही. पण अफवेला पाय ज्याने दिले तो कोण, हेही विसरता येणार नाही.

केंद्र सरकारने व्हॉट्सॲपला खडसावलं. त्याच महिन्यात कंपनीने भारतासाठी मर्यादा घातली: एक निरोप एका वेळी पाच जणांना किंवा ग्रुपांनाच पुढे पाठवता येईल. जानेवारी २०१९ मध्ये हीच मर्यादा जगभर लागू झाली. न्यूयॉर्कमधल्या माणसाला एका वेळी सहाव्याला निरोप पुढे पाठवता येत नाही, त्यामागे राईनपाडा आणि तशीच इतर काही गावं आहेत. आणि मे २०१९ मध्ये, लोकसभेच्या निवडणुकीच्या धामधुमीत, रॉयटर्स या वृत्तसंस्थेने दाखवून दिलं की ही मर्यादा ओलांडून देणारी जीबीसारखी ॲपं आणि हजार रुपयांत मिळणारी सॉफ्टवेअरं आपल्या देशात सर्रास वापरली जात होती.

म्हणजे बाहेरचं ॲप अंधाला डोळे देतं, आणि बाहेरचंच ॲप अफवेला सहावा, सातवा, सातशेवा ग्राहक देतं. जगाने हे आणखी मोठ्या प्रमाणावर पाहिलंय. केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीच्या प्रकरणात फेसबुकवरच्या ८ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली ती एका बाहेरच्या प्रश्नमंजुषेच्या ॲपमधून. भारतात ते ॲप फक्त ३३५ जणांनी घेतलं होतं. माहिती गेली ५ लाख ६२ हजार जणांची, कारण ॲप मित्रांचीही माहिती ओढत होतं. दार सताड उघडं ठेवा असं म्हणणाऱ्याने हे आकडे आधी वाचावेत.

तेव्हा मी ‘बाहेरच्यांना येऊ द्या’ असं सरसकट म्हणायला आलेलो नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की येऊ द्यायचं की नाही, कोणत्या अटीवर, हे मालकाने एकट्याने, आपल्या सोयीने, रात्रीतून ठरवू नये. व्हॉट्सॲपची पाच जणांची मर्यादा आणि ट्विटरचं जानेवारीतलं कलम, दोन्ही बंधनंच. पण पहिलं कशासाठी ते सगळ्यांना माहीत होतं आणि ते कंपनीच्या स्वतःच्या ॲपलाही लागू होतं. दुसरं फक्त इतरांना लागू होतं, आणि त्याचं कारण जाहिरातींच्या उत्पन्नाशिवाय दुसरं दिसत नाही.

असं सगळ्यांना बांधणारं, तरीही बाहेरच्यांना जागा देणारं काही चालू शकतं का? चालतंय. स्टेशनसमोर चहा घ्या आणि पैसे द्या. टपरीवर कोड एका कंपनीचा, तुमचं ॲप दुसरीचं, तुमचं खातं स्टेट बँकेत, चहावाल्याचं जळगाव जिल्ह्यातल्या एखाद्या सहकारी बँकेत. दहा रुपये पोहोचतात. ही यूपीआय, २०१६ सालची, मुंबईच्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने उभी केलेली. आणि तिच्या नियमावलीत फोनपे, गुगल पे यांना काय म्हणतात? थर्ड पार्टी ॲप्लिकेशन प्रोव्हायडर. जी ट्विटरवरून हाकलली गेली त्याच जातीची ही ॲपं इथे रीतसर परवाना घेऊन, नियमात राहून, आपल्या सगळ्यांच्या खिशात बसली आहेत. वाट्टेल त्याला प्रवेश नाही. बँकेच्या मार्फत यावं लागतं, तपासण्या होतात. पण नियम सगळ्यांना एक.

या व्यवस्थेची परीक्षा मार्च २०२४ मध्ये झाली. रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले, १५ मार्चची मुदत दिली. गल्लोगल्ली लावलेले पेटीएमचे कोड आणि पैसे आल्याचं ओरडून सांगणारे डबे आता बंद पडणार, असं सगळ्यांना वाटलं. १४ मार्चला पेटीएमला चार मोठ्या बँकांच्या आधाराने थर्ड पार्टी ॲप म्हणून परवानगी मिळाली. बँक गेली, पण दुकानदाराचा कोड चालू राहिला. अपोलोच्या वापरकर्त्याचं काय झालं आणि पेटीएम लावलेल्या किराणा दुकानदाराचं काय झालं, हे शेजारी शेजारी ठेवून पाहा. यूपीआयचा मी देव्हारा माजवत नाही. दोन ॲपांकडे मिळून तीन चतुर्थांशाहून जास्त व्यवहार आहेत. कुणाकडेही ३० टक्क्यांहून जास्त वाटा नको हा नियम २०२० मध्ये जाहीर झाला आणि त्याची मुदत पुढे पुढे ढकलत २०२६ च्या अखेरीवर गेली आहे. तरी पैशाच्या बाबतीत आपण जे साधलं ते बोलण्याच्या बाबतीत साधलं नाही, हे खरं.

नियम उघड्यावर असावा, ही कल्पना परकी समजू नका. इथून जवळच्या पाटणच्या शिलालेखाची गोष्ट चाळीसगावकरांना मी सांगावी असं नाही. शके ११२८, म्हणजे १२०७ च्या सुमाराला, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं. भाऊ दाजी लाड या अभ्यासकांनी तो लेख एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. लेखातलं संस्कृत विद्वानांसाठी आहे. पण बाजारातल्या विक्रीतून, तेलाच्या घाण्यातून मठाला काय मिळायचं, हा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. ज्यांना द्यायचं होतं त्या व्यापाऱ्याला, तेल्याला कळावं म्हणूनच तो तसा असणार. आणि दगडावर होता. पुढच्या वर्षी मठाधिपतीला वाटलं म्हणून दर वाढवता आला नसता. आपल्या मोबाइलमधल्या अटी कितीदा बदलल्या हे आपल्यातल्या कुणालाच सांगता येणार नाही.

युरोपात हा विषय कायद्याने हाताळायला सुरुवात झाली आहे. तिथल्या डिजिटल मार्केट्स कायद्यानुसार व्हॉट्सॲपला दुसऱ्या निरोप ॲपांशी जोडणी द्यावी लागते. २०२५ च्या अखेरीस बर्डीचॅट आणि हायकेट या दोन छोट्या ॲपांपासून ती सुरू झाली. भारतात व्हॉट्सॲपचे वापरकर्ते जगात सर्वांत जास्त, पण इथे तशी सक्ती नाही. उलट १५ जानेवारी २०२६ पासून व्हॉट्सॲपने इतर कंपन्यांच्या सर्वसाधारण एआय चॅटबॉटना आपल्या व्यवसाय सेवेतून बाहेर काढायचा नियम केला, आणि स्वतःचा मेटा एआय मात्र तिथेच ठेवला. २०१२ मध्ये ट्विटरने टाकलेलं पहिलं पाऊल आठवावं असं हे आहे.

आपल्याकडे एक संधी येऊन गेली. राईनपाड्याच्या त्याच महिन्यात, जुलै २०१८ मध्ये, न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा मसुदा सरकारला दिला. मुंबई दंगलींच्या चौकशी आयोगामुळे महाराष्ट्राला परिचयाचे असलेले हेच न्यायमूर्ती. त्या मसुद्यात नागरिकाला एक हक्क होता: आपली माहिती एका कंपनीकडून घेऊन दुसरीकडे नेण्याचा. २०१९ च्या विधेयकातही तो होता. २०२३ मध्ये संसदेने जो कायदा केला त्यात तो नाही. तो का गाळला, या प्रश्नावर महाराष्ट्रात एकही मोर्चा निघाला नाही, एकही बंद झाला नाही. निघेल अशी माझी अपेक्षाही नाही; पण विधिमंडळात, संसदेत आपण पाठवलेल्यांना तो विचारता येतो. मत मागायला आल्यावर रस्ता, पाणी, कापसाचा भाव यांच्याबरोबर हा प्रश्न विचारायला हरकत नाही. त्यांना तो माहीत नसेल, तर विचारल्यावर माहीत होईल.

तोवर इथल्या संस्थांना माझी एक विनंती आहे. वाचनालयं, पतसंस्था, शाळांचे माजी विद्यार्थी संघ, नाट्यमंडळं, अहिराणीत गाणी आणि चित्रफिती करणारे कलावंत, सगळ्यांना. तुमच्या सभासदांची यादी फक्त एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये असेल, तर ती आज घरी जाऊन वहीत किंवा साध्या फाइलमध्ये उतरवून घ्या. नावं, नंबर, पत्ते, जमलं तर ईमेल. तुमच्या कार्यक्रमांचे फोटो, ध्वनिमुद्रणं फक्त फेसबुकवर किंवा यूट्यूबवर असतील तर मूळ प्रती संस्थेच्या कपाटात, स्वतःच्या डिस्कवर ठेवा. स्वतःच्या नावाचा वेबपत्ता घ्या. त्याला वर्षाला येणारा खर्च एका हार-तुऱ्याच्या सत्काराइतका आहे. आणि आजच्या व्याख्यानाचं ध्वनिमुद्रण संयोजकांनी केलं असेल, तर त्याची एक प्रत वाचनालयात ठेवावी, ही विनंती त्यांनाही.